बांधीएवढी जागा पुरे
उभ्या उड्डाणाच्या रेडिओनियंत्रित विमानांविषयी : प्रस्तावना

विमान म्हटले की आधी धावपट्टी डोळ्यांसमोर येते. लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी मोकळी. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मोकळ्या जागेला काय तोटा, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण मॉडेल विमान काखेत मारून जागा शोधायला निघालात की खरा प्रकार कळतो. मोरव्याला एक धावपट्टी आहे, ती खऱ्या विमानांची. आपल्या वाट्याला येते ती बांधी : चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा, एका अंगाला बोडी, दुसऱ्या अंगाला मोहाचे झाड आणि पलीकडे सागाची भिंत. चाकांवर धावत जाऊन उडणारे चार फूट पंखांचे मॉडेल इथे पहिल्याच धुऱ्यावर नाक आपटते. हाताने फेकून उडवले तरी उतरवायचे कुठे हा प्रश्न राहतोच. सागाच्या शेंड्यांवरून विमान खाली येईपर्यंत बांधी संपलेली असते.

या अडचणीला एक जुने, अवघड आणि फार देखणे उत्तर आहे. विमानाने जागेवरूनच सरळ वर उठावे, झाडांच्या डोक्यावर गेल्यावर पंखांच्या भरवशावर पुढे निघावे आणि परतल्यावर हवेत थांबून, उठले त्याच जागी उतरावे. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांत हे साधण्याची जी विद्या आहे, तिच्याशी ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. वाचकांनी विमानशास्त्र शिकलेले असावे अशी अपेक्षा नाही. शाळेतले बल आणि वजन थोडेफार आठवत असेल, डाग देण्याची कथिलाची तार हातात धरायची भीती नसेल आणि मोडलेली वस्तू पुन्हा जोडण्याचा कंटाळा नसेल, तर तुमची तयारी पुरेशी आहे.

खरे तर हा विषय तुम्ही आधीच पाहिलेला आहे. गोंदियाकडच्या तळ्यांवर सारस उडताना पाहिला असेल तर आठवा. लांब पायांनी तो चार पावले धावतो, पंख पसरतो आणि मग जमीन सोडतो. ताडोबाच्या वाटेवर मोर दचकला, तर त्याला धावायला सवड नसते. आखूड, रुंद पंख जोरात मारत तो जवळजवळ सरळ वर उसळतो आणि फांदी गाठेपर्यंत त्याची दमछाक झालेली दिसते. धावपट्टीवरचे विमान म्हणजे सारस आणि जागेवरून उठणारे म्हणजे मोर, एवढे सांगून थांबता आले असते. पण या विद्येचा खरा गुरू कापशी घार आहे. धान निघाल्यावर रिकाम्या बांध्यांवर हा पांढुरका, लाल डोळ्यांचा पक्षी पंख मारत एका जागी थांबतो. खाली उंदराची हालचाल दिसली नाही की पंख ताठ करून पुढे सरकतो आणि पन्नास हातांवर पुन्हा थांबतो. थांबणे सुटलेले आहे आणि सरकण्याचा वेग अजून यायचा आहे, असा मधला एक क्षण असतो. तो नीट पाहा. आपला सगळा विषय त्या एका क्षणाभोवती फिरतो.

हवेत थांबणे महाग असते, हे आधी समजून घ्यावे. बाराशे ग्रॅमचे एक मॉडेल धरू, त्याला वर उचलायला नऊ इंची चार प्रॉप, म्हणजे पंखे. ढोबळ हिशेबाने नुसते जागेवर तरंगत राहायला त्याला सव्वाशे-दीडशे वॅट लागतात, कारण सगळे वजन मोटरींनी हवा खाली ढकलून तोलायचे असते. तेच मॉडेल पंखांवर सेकंदाला बारा-तेरा मीटर वेगाने चालू लागले की वजन पंख उचलतात. मोटरीला फक्त हवेचा अडथळा कापायचा असतो आणि पन्नासेक वॅटमध्ये भागते. तीन सेलची, २२०० मिलिअँपिअर-तासांची साधी लिपो बॅटरी तरंगण्यात नऊ-दहा मिनिटांत बसते. पंखांवर तीच पंचवीस मिनिटे पुरते. लग्नसराईत मांडवावर भिरभिरणारे चार पंख्यांचे ड्रोन आयुष्यभर मोराच्या उसळीतच जगते. आपल्याला उसळी हवी आहे ती झाडांच्या शेंड्यांपर्यंत, पुढे घारीसारखे जायचे आहे.

आणखी एक फरक आहे, तो माझ्या लेखी जास्त महत्त्वाचा. बाजारातले ड्रोन उपग्रहाकडून आपली जागा विचारून घेते. तुम्ही बोटे काढली तरी ते हवेत थांबून राहते. मॉडेल उडवणारा माणूस डोळ्यांनी पाहून हातांनी उडवतो. थोडी मदत कल ओळखणारा गायरो करतो, पण वारा कुठून आला, नाक कुठे वळले, वेग पुरेसा आहे का, हे ओळखायचे काम तुमचेच. हा छंद आहे तो या ओळखण्याचा.

अशा विमानांच्या जाती अनेक आहेत. हेलिकॉप्टर ही सर्वांत जुनी. रेडिओवरचे मॉडेल हेलिकॉप्टर प्रथम नीट उडवून दाखवले ते जर्मनीच्या डीटर श्लुटर यांनी, १९७० च्या आसपास. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय असल्याने इथे बाजूला ठेवतो. मोटरी किंवा अख्खे पंखच वळवणारी यंत्रे पाहायला सुंदर असतात. पण त्यांची फिरती सांधणी घरच्या टेबलावर नीट बसवणे नवख्याच्या कुवतीबाहेरचे आहे. राहिल्या दोन जाती, आणि वाचकांनी आपला वेळ त्यांच्यावर घालवावा.

पहिली जात शेपटीवर बसणाऱ्यांची. विमान नाक वर करून शेपटीवर उभे असते, तसेच वर जाते आणि मग आडवे होते. यात जादा मोटर नाही, जादा वजन नाही. एकच प्रॉप दोन्ही कामे करते. अडचण पायाशी असते. धानाच्या धसकटांवर शेपूट कधी सरळ टेकत नाही आणि वाऱ्याची एक झुळूक उभ्या विमानाला लोटून देते. दुसरी जात चार अधिक एकची : नेहमीच्या विमानाच्या पंखांना पुढे-मागे दोन दांडे, त्यांवर उचलणाऱ्या चार मोटरी आणि पुढे नेणारी पाचवी निराळी. ही जात जड असते, दिसायलाही काहीशी ओबडधोबड. उडताना चार बंद प्रॉप वाऱ्याला आडवे धरून नेते. तरी नवख्याने हिच्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. चार मोटरी आणि एक मोटर यांची कामे वेगळी असल्यामुळे चूक कुठे झाली ते कळते. शेपटीवाल्या विमानात सगळेच एकदम चुकते.

या जातींना मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉन्व्हेअर कंपनीचे ‘पोगो’ नावाचे शेपटीवर उभे राहणारे लढाऊ विमान कोलमन या वैमानिकाने सरळ वर नेले, आडवे उडवले आणि पुन्हा उभे करून उतरवले. चढणे सोपे गेले. उतरताना वैमानिक पाठीवर निजलेला, तोंड आभाळाकडे, आणि जमीन बघायची ती मान वळवून खांद्यावरून. पोगो मागे पडण्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. आपण जमिनीवर उभे राहून उडवतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला नाही. पोगोच्या वैमानिकाला जे दिसत नव्हते ते शाळेतल्या मुलाला बांधीच्या धुऱ्यावरून दिसते, याचे मला अजूनही नवल वाटते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण गोव्याचे. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने १९८३ च्या अखेरीस गोव्यात आली आणि २०१६ मध्ये तिथल्याच आयएनएस हंसा तळावर त्यांना निरोप देण्यात आला. विराट युद्धनौकेच्या आखूड डेकवरून ती उडत आणि परतल्यावर हवेत थांबून सरळ खाली उतरत. त्यांच्या तुकडीचे नाव ‘व्हाइट टायगर्स’, म्हणजे पांढरे वाघ. वाघांच्या जिल्ह्यातल्या वाचकाने एवढे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

इथे कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतेच. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. तिला समकालीन भक्कम पुरावा मिळत नाही. आणि ज्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचा आधार दिला जातो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. अभिमानाला जागा हवी असेल तर ती अलीकडे आणि डोळ्यांसमोर आहे. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी जाऊन थांबणारे चार पंख्यांचे यंत्र त्यांचेच. पुढे नवी मुंबईतल्या याच कंपनीने जागेवरून उठून पंखांवर उडणारे ‘स्विच’ हे वैमानिकरहित विमान तयार केले आणि २०२१ च्या जानेवारीत भारतीय लष्कराने त्याची मागणी नोंदवली.

आता त्या मधल्या क्षणाकडे येऊ. इंग्रजी पुस्तके त्याला ट्रान्झिशन म्हणतात, आपल्याकडे स्थित्यंतर हा चांगला शब्द आहे. विमान सागाच्या शेंड्यांवर जाऊन थांबले आहे असे समजा. तुम्ही पुढची मोटर सुरू करता. विमान सरकू लागते. पंखांवर हवा येते, पण पंखांना सगळे वजन पेलण्यासाठी सेकंदाला आठ-नऊ मीटरचा वेग लागतो. त्या वेगापर्यंत वजन दोघांनी वाटून घ्यायचे असते : सुरुवातीला सगळे मोटरींवर, मग अर्धेअर्धे, मग सगळे पंखांवर. हे तीन-चार सेकंदांचे काम. नवखा माणूस यात एकच चूक करतो. विमान पुढे निघालेले दिसले की त्याला वाटते झाले, आणि तो चार मोटरी बंद करतो. विमान क्षणभर तसेच राहते, मग नाक खाली घालते. पुरेशी उंची असेल तर तेवढ्यात वेग येतो आणि ते सावरते. म्हणून पहिली अनेक स्थित्यंतरे शंभर फुटांच्या वर आणि वाऱ्याकडे तोंड करून करावीत. समोरून येणारा वारा पंखांना लागणाऱ्या वेगातला काही भाग फुकट देतो.

परतीचे स्थित्यंतर दिसते सोपे, पण फसवते. वेगात असलेले विमान थांबवायला गेलात की ते फुग्यासारखे वर चढते, आणि थांबल्यावर त्याचे रुंद पंख शिडासारखे वारा पकडून त्याला बाजूला नेऊ लागतात. ड्रोन उडवून सरावलेल्या माणसांची इथे तारांबळ उडते, कारण ड्रोनला शीड नसते. नाक वाऱ्याकडे ठेवा, घाई करू नका, आणि उतरायच्या जागेच्या बरेच अलीकडे वेग कमी करायला लागा.

नाक आभाळाकडे करून प्रॉपवर टांगलेले विमान तर हातांना सगळे पुन्हा शिकवते. आडव्या उड्डाणात डावी-उजवी वळवणारा रडर आता विमानाला डावी-उजवीकडे कलता ठेवतो. बाजूला कलवणारे एलेरॉन त्याला भोवऱ्यासारखे स्वतःभोवती फिरवतात. आणि प्रॉपच्या उलट्या रेट्याने ते आपण होऊनही फिरत राहते. पोट तुमच्याकडे आले की डावे उजवे होते. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये हे पन्नासदा पाडून मगच खरे विमान टांगावे.

माझे पहिले शेपटीवाले विमान जानेवारीत छान उठत असे. त्याच्या मोटरीचा जोर वजनाच्या सव्वापटीला थोडा कमी होता, पण चालून जाई. त्याच विमानाला मी मेच्या एका दुपारी, मित्रांना दाखवण्याच्या हौसेने, एका मालगुजारी तलावाच्या पाळीवर उभे केले. ते पुरुषभर उठले, तिथेच थबकले आणि थ्रॉटल पूर्ण असताना हळूहळू, अगदी समजूतदारपणे, पाण्यात उतरले. मोटर बिघडली असे मी दोन दिवस सांगत फिरलो. बिघडले काहीच नव्हते.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत हमखास असतात, हे आपण एका विचित्र अभिमानाने सांगतो. त्याचा विमानाशी संबंध असा : डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे इथली हवा घनमीटरला साधारण सव्वा किलोची असते, ४५ अंशांना ती १.०८ च्या आसपास येते. म्हणजे शंभरात अकरा भाग हवा कमी. प्रॉपने ढकलायचे ते तीच हवा, तेव्हा तेवढ्याच फेऱ्यांत जोरही शंभरात अकरा भाग कमी. माझ्या विमानाचा सव्वापटीच्या आतला जोर त्या दुपारी वजनाच्या जेमतेम वर होता, आणि बॅटरी दमल्यावर तेवढाही राहिला नाही. पंखही उन्हाळ्यात थोडा जास्त वेग मागतात. या जिल्ह्यांत मॉडेल बांधणाऱ्याने जोर वजनाच्या दीडपट तरी ठेवावाच, दुप्पट असेल तर उत्तम. आणि नवतपात घरी बसावे. गाडीच्या डिक्कीत ठेवलेली लिपो पापडासारखी फुगते, गरम गोंदाने चिकटवलेले फोमचे सांधे आपोआप सुटतात, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे लोट हलक्या विमानाला कुठेही नेतात.

हंगाम आपला आहे तो धान निघाल्यापासून होळीपर्यंतचा. पहाटे दव असते, त्यामुळे ऊन थोडे वर आल्यावर निघावे.

आता बांधणीविषयी. केंद्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत परदेशी तयार ड्रोनची आयात थांबवली, सुट्या भागांची नाही. त्यामुळे हा छंद आपोआप बांधणाऱ्यांच्या बाजूने झुकला, आणि मला ते आवडले. मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी, सर्वो, रिसीव्हर आणि गायरोची पट्टी विकत घ्यावी लागते. ही पट्टी स्वस्त झाली ती मोबाइल आणि खेळांच्या यंत्रांमुळे. २०१० च्या सुमाराला हौशी लोक निन्टेंडोच्या खेळण्याचे रिमोट फोडून त्यातले गायरो काढत आणि मॉडेलला लावत. त्यातूनच मल्टीवी हा प्रकल्प उभा राहिला. आज आर्डूपायलटसारखी मोफत प्रणाली त्या पट्टीवर चढवली की स्थित्यंतराचे वाटप ती स्वतः करते. तरी ते आधी हाताने शिकावे असा माझा आग्रह आहे.

बाकीचे सामान गावात मिळते. पंखाच्या कण्यासाठी कार्बनच्या नळ्या वापरा असे पुस्तके सांगतात. आपल्याकडे बांबू आहे, आणि बुरूड समाजाची जाणती माणसे आहेत. त्यांच्याकडे बसून कामटी काढून घ्यावी. पिकलेला, सावलीत वाळलेला बांबू. बाहेरची हिरवट-पिवळी साल ठेवायची, आतला भुसभुशीत भाग तासून टाकायचा, कारण धागा दाट असतो तो सालीकडे. सहा मिलिमीटर रुंद, तीन जाड आणि मीटरभर लांब कामटी दहा-बारा ग्रॅमची होते. दोन्ही टोके धरून वाकवून पाहा : कमान सारखी आली पाहिजे, पेऱ्याशी मोडल्यासारखा कोन दिसला तर ती बाजूला ठेवा. मग पेरे खालच्या अंगाने हलकेच घासा. दोन कामट्या पाठीला पाठ लावून, मध्ये फोमची पट्टी घालून, दोऱ्याने गुंडाळून चिकटवल्या की चार फूट पंखाला पुरेल असा कणा होतो. तो कार्बनइतका ताठ नसतो. पण धुऱ्यावर आपटल्यावर कार्बन काचेसारखा फुटतो आणि कामटी वाकून परत येते. अमावस्येच्या सुमाराला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असे जुने लोक सांगतात. मी त्याची परीक्षा घेतलेली नाही, पण तसा बांबू मिळाला तर नाही म्हणत नाही.

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी वाचकांनी तो टाळू नये. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे पंचवीस किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे यंत्र ‘मॉडेल’ धरले जाते आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या यंत्राला, धंद्यासाठी वापर नसेल तर, वैमानिक परवानाही लागत नाही. नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा चारशे फुटांची. लाल आणि पिवळी क्षेत्रे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतात. मोरव्याची धावपट्टी, भद्रावतीची आयुध निर्माणी आणि दुर्गापूरचे महाऔष्णिक वीज केंद्र असलेल्या परिसरात तो नकाशा उघडल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

जंगलाचा नियम त्याहून सोपा : ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात किंवा कोणत्याही अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही उडवायचे नाही. बफरमधल्या गावांत राहणाऱ्यांनी मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या दिवसांत पहाटे मॉडेल घेऊन जंगलाकडे तोंडही करू नये. माणसे झाडाखाली वाकलेली असतात, वाघही जवळपास असतो, आणि आभाळातला आवाज दोघांचेही लक्ष नको तिकडे नेतो. मॉडेल झाडीत पडले तर एकट्याने शोधायला जायचे नाही. संध्याकाळ झाली असेल तर ते गेले असे समजायचे. सागाआड मॉडेल नेऊही नका. ओलसर पाने रेडिओचा सिग्नल गिळतात. सिग्नल तुटला तर यंत्राने काय करावे, हे जमिनीवरच, प्रॉप काढून, ट्रान्समीटर बंद करून तपासून घ्यावे. आणि गिधाडे घिरट्या घालताना दिसली तर त्या दिवशी विमान पेटीतच राहू द्या. गडचिरोलीत त्यांची संख्या सावरावी म्हणून माणसे झटत आहेत.

गडचिरोलीविषयी आणखी एक सांगायला हवे. हा जिल्हा १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता, पण दोघांच्या आभाळाचा अर्थ आज सारखा नाही. भामरागड-एटापल्लीकडे आभाळात काही घरघरले की लोक मान वर करतात ती कौतुकाने नव्हे. तिथे अनेक वर्षे तो आवाज चकमकीचा, जखमींना नेणाऱ्या हेलिकॉप्टरचा किंवा टेहळणीचा होता. म्हणून आधी पोलीस ठाण्यात सांगावे, गावच्या पाटलाला सांगावे, आणि उडवण्यापूर्वी विमान मुलांच्या हातात द्यावे. ज्याने ते हातात घेतले तो त्याला घाबरत नाही.

याच प्रदेशात या विद्येचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. असे अनेक पावसाळ्यांत झाले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून वीसेक किलोमीटरवरच्या झाप गावी ड्रोनने लसीच्या तीनशे मात्रा नेल्या गेल्या. तसेच काम इथे करायचे तर नुसते चार पंख्यांचे यंत्र अंतराला अपुरे पडेल आणि धावपट्टीच्या विमानाला उतरायला जागा नाही; दवाखान्याच्या अंगणात उतरून परत पंखांवर निघणारे यंत्रच लागेल. २०२१ पासून छत्तीसगडकडून येणाऱ्या रानहत्तींच्या कळपावर लांबून नजर ठेवण्यासाठीही जास्त वेळ हवेत राहणारी विमाने उपयोगी पडतील. ती कामे परवानाधारक संस्थांची आहेत, हौशी माणसाची नाहीत. पण तिथे उद्या काम करणारी मुले कुठेतरी पहिले मॉडेल पाडूनच तयार होणार, आणि ते पाडण्याची जागा आरमोरीची किंवा मूलची बांधी का नसावी?

सुरुवात कशी करावी हे अनेक जण विचारतात. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. मुलाला ती संधी असेल तर सोडू नये. नसेल तर आधी एक साधे, हळू उडणारे, हाताने फेकायचे फोमचे विमान घ्या. शाळेच्या मोठ्या मैदानावर ते पंखांवर उडवायला शिका, आणि पंख कधी हार मानतो ते मुद्दाम उंचावर जाऊन पाहा. मग चार पंख्यांचे छोटे यंत्र घ्या, अडीचशे ग्रॅमच्या आतले, आणि त्याची आपोआप थांबण्याची सोय बंद करून ते बोटांनी थांबवायला शिका. दोन्ही हातांत बसल्यावरच दोघांचे लग्न लावा. हा क्रम उलटा केलेली बरीच हुशार माणसे मला माहीत आहेत. त्यांच्याकडे आज उत्तम सुटे भाग आहेत.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी सोबत एक माणूस असावा, जो फक्त आभाळ आणि माणसे पाहील आणि ट्रान्समीटरला हात लावणार नाही. पेटीत जादा प्रॉप, बॅटरी तपासायचा छोटा मीटर, दोरा, गोंद आणि पाणी. लिपो घरी परत नेताना दर सेलला ३.८ व्होल्टपर्यंत आणून ठेवायची, पूर्ण भरलेली ठेवायची नाही. बांधीच्या मधोमध ताडपत्री अंथरा म्हणजे उठताना प्रॉप धूळ आणि धसकटे ओढून घेणार नाहीत, आणि उतरताना नजरेला एक ठाम चौकोन मिळेल. ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच उठावात ती विमानाच्या मागे वर जाते. धानाच्या बांधीत दगड सापडत नाहीत. ते घरून न्यावे लागतात.